तळ्याकाठची सावली आणि आल्याचे कुल

गावतळ्यातील गाळ काढला, काठ बांधला आणि वृक्षारोपण झाले, म्हणजे सुशोभनाचे काम संपले असे सामान्यतः मानले जाते. परंतु काही वर्षांत झाडे वाढून काठावर सावली पडू लागते आणि झेंडू, गुलाब यांसारखी उन्हात फुलणारी झाडे तेथे तग धरीत नाहीत. २४ एप्रिल २०२२ रोजी सुरू झालेल्या अमृत सरोवर अभियानात तळ्याभोवती वड, पिंपळ व कडुनिंब लावण्यावर भर देण्यात आला. त्यामुळे हा प्रश्न अनेक ग्रामपंचायतींपुढे येणार आहे.

अशा अर्धसावलीत आल्याच्या, म्हणजेच आर्द्रक कुलातील वनस्पती चांगल्या वाढतात. कोकणात नारळी-पोफळीच्या बागांतून हळद व आले आंतरपीक म्हणून घेतात, ते याच गुणामुळे. मात्र कुल एक असले तरी प्रत्येकीची पाण्याची गरज निराळी असते. म्हणून निवड करताना सावलीइतकाच पाण्यापासूनच्या अंतराचाही विचार व्हावयास हवा.

काठालगतच्या सदैव ओलसर पट्ट्यात सोनटक्का शोभतो. त्याची शुभ्र, सुगंधी फुले पावसाळ्यात व त्यानंतर येतात. परंतु त्याचे कंद झपाट्याने पसरतात आणि कंदाचे तुकडे प्रवाहाबरोबर वाहून जाऊन इतरत्र रुजतात. ब्राझील व दक्षिण आफ्रिकेत तो उपद्रवी ठरला आहे. म्हणून ओढ्याच्या किंवा सांडव्याच्या तोंडाशी तो लावू नये आणि ताटवा दरवर्षी विरळ करावा.

त्यामागच्या, पाणी न साचणाऱ्या जागेत पेव लावावे. वनस्पतिशास्त्रज्ञ आता त्याची गणना वेगळ्या कुलात करीत असले, तरी ते आल्याचेच निकटचे आप्त आहे. लाल छदांतून उमलणारी त्याची पांढरी फुले कोकणात पावसाळ्यात सर्वत्र दिसतात.

आले, हळद व आंबेहळद यांना ओल हवी, पण साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. निचरा नसल्यास कंदकूज होते आणि लागवडीचा खर्च पहिल्याच पावसाळ्यात वाया जातो. यासाठी काठापासून दूर, उंच गादीवाफ्यांवर निरोगी बेणे लावावे. त्याच जागी दरवर्षी आले घेऊ नये. खते व औषधे पाण्यात उतरणार नाहीत, ही दक्षताही आवश्यक आहे.

हिवाळ्यात हळद, आले व पेव यांची पाने वाळतात. रोपे मेली असे समजून जमीन खणू नये. कंद जमिनीत जिवंत असतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पायऱ्या, गुरांची वाट व मुलांची वर्दळ असलेला काठ मोकळा ठेवावा. पेव पुरुषभर उंच वाढते. त्याच्या आड पाण्याची कड दिसेनाशी होता कामा नये. तळ्याची शोभा वाढावी, पण सुरक्षितता उणावू नये, हे भान लागवडीपूर्वीच राखलेले बरे.