पर्वतातील पाहुणा आणि त्याची पूर्वतयारी

दरवर्षी उन्हाळा जवळ आला की पुण्या-मुंबईच्या दुकानांतून गिर्यारोहणाच्या साहित्याला गिऱ्हाईक वाढते. बूट कोणते घ्यावेत, पिसांचा कोट किती जाड असावा, पाठपिशवीचे वजन किती ठेवावे, यांवर चर्चा झडतात. सिंहगडाच्या वाटेवर पहाटेच्या काळोखात ओझी घेऊन चढणारे तरुण दिसू लागतात. त्यांतील अनेकांचे लक्ष्य लडाख असते, आणि लडाखमध्येही मारखा खोऱ्याचे आकर्षण विशेष. कारण तेथे बहुतेक मुक्काम गावकऱ्यांच्या घरांतच करीत आठवडाभर चालता येते. ही सारी तयारी स्तुत्य असली, तरी ती अपुरी आहे असे म्हणणे भाग आहे. जी दोन साधने या प्रवासात सर्वांत दुर्मीळ असतात, त्यांचा विचार तीत क्वचितच होतो. त्यांपैकी एक म्हणजे पाहुण्याजवळचे दिवस आणि दुसरे म्हणजे यजमानाजवळचे पाणी, सरपण व श्रम.

प्रथम उंचीचा विचार करू. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. लेह शहरच सुमारे ३,५०० मीटरांवर वसलेले आहे आणि मारखाच्या वाटेवरील कोंगमारू खिंड ५,२०० मीटरांच्या आसपास आहे. हवेतील प्राणवायूचे प्रमाण सर्वत्र सुमारे २१ टक्केच असते. घटतो तो हवेचा दाब. लेहमध्ये हा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोनतृतीयांश भरतो, आणि खिंडीच्या माथ्यावर तो निम्म्याहून थोडाच अधिक उरतो. म्हणजे प्रत्येक श्वासागणिक शरीराच्या पदरात पडणारा प्राणवायू त्याच हिशेबाने कमी होतो. या तुटीशी जुळवून घेण्याची शक्ती शरीरात आहे, पण तिला अवधी लागतो. श्वास खोल होण्यास काही तास पुरतात. रक्तातील आम्ल-अल्कांचा तोल सावरण्यास मूत्रपिंडांना काही दिवस लागतात. तांबड्या पेशींची वाढ तर आठवड्यांची बाब आहे.

सह्याद्रीत कमावलेल्या दमाचा या अवधीशी फारसा संबंध नाही, ही गोष्ट अनेकांना पटत नाही. तोरणा-राजगडाची वाट एका दमात काढणाऱ्यास खिंडीची चढण कमी त्रासाची जाईल हे खरे. परंतु त्यामुळे पर्वतीय आजारापासून त्यास संरक्षण मिळत नाही. उलट धडधाकट तरुण भरभर चालतो, डोके दुखू लागले तरी ते सांगण्यास संकोचतो, आणि म्हणून अधिक धोक्यात येतो. या सत्याची किंमत भारतीय सैनिकांनी पूर्वीच मोजलेली आहे. १९६२ च्या युद्धाच्या काळात मैदानी मुलखातील जवानांना घाईने हिमालयाच्या उंचीवर पोचवावे लागले. उंचीवर पाठविलेल्या १,९२५ सैनिकांच्या आजाराचा इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला. या विषयाच्या वैद्यकीय वाङ्मयात तो आजही आधारभूत मानला जातो. निवडलेल्या, कसलेल्या शरीराच्या जवानांच्या बाबतीत जे घडले, ते आठवड्यातून एकदा गड चढणाऱ्या नोकरदाराच्या बाबतीत घडणार नाही, असे मानण्यास काहीच आधार नाही.

यातून निघालेला नियम अगदी साधा आहे. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक उंच नेऊ नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा. दिल्लीहून विमानाने लेह गाठणाऱ्याने पहिल्याच उडीत हा नियम मोडलेला असतो. म्हणून लेहमध्ये निदान दोन पूर्ण दिवस स्वस्थ बसणे त्यास प्राप्तच आहे. श्रीनगर व कारगिलच्या रस्त्याने जाणाऱ्यास ही चढण टप्प्याटप्प्याने मिळते. मनालीच्या रस्त्याची गोष्ट निराळी. तेथे सरचूसारख्या चार हजार मीटरांहून उंच ठिकाणी काढलेली रात्र अनेकांस जड जाते. पुढे मारखा खोऱ्यातही हांकर ते निमालिंग हा टप्पा एका दिवसात सुमारे आठशे मीटर वर नेतो. मध्ये थाचुंगत्से येथे एक रात्र काढणे हाच त्यावर शहाणपणाचा उपाय आहे. ॲसिटाझोलामाइडसारखे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते, पण ते दिवसांची जागा घेऊ शकत नाही. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात असंबद्धता येणे ही लक्षणे दिसताच रुग्णास खाली नेणे हाच खरा उपचार होय. मग ती रात्र असो वा खिंड तासाभरावर असो.

नियम इतका स्पष्ट असताना तो पाळला का जात नाही? याचे उत्तर वैद्यकापेक्षा अर्थशास्त्रात अधिक सापडते. नोकरदाराची रजा मोजकी असते. सहलींचे आयोजक एकमेकांशी स्पर्धा करतात ती किमतीवर आणि दिवसांच्या संख्येवर. विश्रांतीच्या दिवशी खोलीभाडे व जेवण यांचा खर्च होतो, परंतु छायाचित्रात दाखविण्याजोगे काही घडत नाही; त्यामुळे कात्री चालते ती प्रथम त्या दिवसावर. सुरक्षितता ही वस्तू खरेदीच्या वेळी ग्राहकास दिसत नाही. किंमत मात्र दिसते. शिवाय हा आजार सर्वांनाच होत नाही. घाईने गेलेल्या दहांपैकी सात-आठ जण सुखरूप परतले की त्यांचा अनुभव पुढच्या तुकडीस पुरावा म्हणून सांगितला जातो, आणि अर्ध्यावरून परतलेला मनुष्य आपल्या प्रकृतीलाच दोष देऊन गप्प बसतो. अशा बाजारात चांगले वेळापत्रक महाग ठरून मागे पडते आणि वाईट वेळापत्रक चलनात राहते.

तयारीचा दुसरा भाग यजमानाविषयीचा आहे. लडाख पर्यटकांना खुले झाले ते १९७४ साली. मारखा खोऱ्याचा समावेश असलेले हेमिस राष्ट्रीय उद्यान १९८१ मध्ये स्थापन झाले. पहिली अनेक वर्षे पदभ्रमण चाले ते तंबूंच्या आधाराने. तंबू, स्वयंपाकी, शिधा आणि ओझ्याची जनावरे सारे बाहेरून येई, आणि गावाच्या कुरणात ती जनावरे चरून जात. याच कुरणांवर गावच्या शेळ्या-मेंढ्या व रानातील भरल पोसले जातात. म्हणजे पर्यटनाचा भार गावाने सोसावा आणि प्राप्ती बव्हंशी लेहच्या बाजारात जावी, अशी ती व्यवस्था होती. भरीस भर म्हणून हिमबिबट्या एखाद्या रात्री गोठ्यात शिरला, तर कोंडलेल्या मेंढ्यांपैकी अनेक मारून टाकी. वर्षाची पुंजी एका रात्रीत गमावलेल्या कुटुंबाने त्या प्राण्याचा सूड घेतला, तर त्यास दोष देणे मैदानातील निसर्गप्रेमींना सोपे होते. त्याची भरपाई कोण करणार, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राही.

२००२ च्या सुमारास रिंचेन वांगचुक व रॉडनी जॅक्सन यांच्या पुढाकाराने स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने रुमबाकसारख्या गावांतून घरगुती निवासाची जी योजना सुरू केली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. गोठ्यांना जाळीची छपरे घालून नुकसान कमी करणे आणि त्याबरोबरच पाहुण्यांकडून मिळणारी प्राप्ती थेट घरात, विशेषतः घरच्या स्त्रीच्या हाती पोचविणे, अशी ही दुहेरी योजना होती. पाहुणे घरोघरी पाळीने जातात. त्यामुळे वाटेवरच्या एकाच घराची भरभराट होऊन बाकीचे कोरडे राहत नाहीत. ज्या समाजात पाटाचे पाणी पाळीने मिळते आणि गुरे राखण्याची पाळी ठरलेली असते, तेथे पाहुण्यांचीही पाळी असावी हे स्वाभाविकच होते. २०२४ साली जाहीर झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील हिमबिबट्यांची संख्या ७१८ असल्याचा अंदाज देण्यात आला. त्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये आहेत. याचे सारे श्रेय एखाद्या योजनेला देणे धाडसाचे होईल. परंतु जिवंत हिमबिबट्यामुळेही घरात पैसा येऊ शकतो, हे गावकऱ्यांना अनुभवास आले, ही गोष्ट लहान नव्हे.

आता पाहुण्याकडून अपेक्षा काय? लडाखमध्ये वर्षाकाठी पाऊस पडतो तो सुमारे १०० मिलिमीटर. शेती उभी असते ती वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर. सातूचे एकच पीक निघते, आणि पाहुण्यांचा हंगाम व शेतीचा हंगाम नेमका एकच पडतो. ज्या हातांनी थुक्पा शिजवावयाचा त्याच हातांना पाणी वळवावयाचे व कापणी करावयाची असते. म्हणून पाहुण्याने रोज स्नानासाठी गरम पाणी मागणे म्हणजे यजमानाच्या दुर्मीळ पाण्यावर, सरपणावर आणि श्रमांवर एकदम हात टाकणे होय. घरातील कोरडे शौचालय ही मागासलेपणाची खूण नसून तेथील खतामातीची व्यवस्था आहे. तीत पाणी वा प्लॅस्टिक टाकणाऱ्याने पुढच्या वर्षीच्या शेतावरच घाव घातलेला असतो. स्वयंपाकघरातील चुलीस तेथे पावित्र्य आहे. तिच्याकडे पाय करून बसू नये. बैठकीतही वडीलधाऱ्यांची जागा ठरलेली असते. ठरलेल्या दरात घासाघीस करणे, अथवा पाळी मोडून ‘चांगल्या’ घराचा हट्ट धरणे, हे तर ज्या न्यायावर ही योजना उभी आहे त्याच्याच मुळावर येते.

या व्यवस्थेलाही मर्यादा आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. चिलिंगच्या बाजूने मोटाररस्ता खोऱ्यात शिरला आहे. आजारी माणसास व शाळकरी मुलास त्याची गरज आहेच, पण त्यामुळे पायी चालणारा पाहुणा वाटेतील गावे वगळून पुढे जाऊ शकतो. २०२० साली महासाथीने पर्यटन ठप्प झाले, तेव्हा या मिळकतीचा ठिसूळपणाही उघड झाला. पाहुण्यांचे उत्पन्न हे शेती व पशुपालन यांना जोड म्हणूनच हितकारक आहे. ते त्यांची जागा घेऊ लागले, तर एका बंद हंगामात घर उघड्यावर पडेल. म्हणूनच पाहुण्याने आपल्या मागण्यांनी शेतीचा वेळ खाऊ नये, ही अपेक्षा केवळ सौजन्याची नसून यजमानाच्या आर्थिक स्थैर्याची आहे.

महाराष्ट्रातील गिर्यारोहण संस्थांना या बाबतीत बरेच करता येण्याजोगे आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या घरांत पिठले-भाकरी खाऊन गड चढण्याची परंपरा त्यांच्यापाशी आहे; गावाशी नाते जोडणे त्यांना नवे नाही. प्रत्येक मोहिमेच्या पत्रकात दर मुक्कामाची झोपण्याची उंची छापली जावी, विश्रांतीचे दिवस वगळलेल्या मोहिमांस संस्थांनी आपले नाव देऊ नये, आणि निघण्यापूर्वीच्या सराव-वर्गात बुटांबरोबर यजमानाच्या घराचीही माहिती दिली जावी, एवढ्या तीन गोष्टी झाल्या तरी पुष्कळ साधेल. ज्याच्याजवळ दहा दिवसांची रजा नाही, त्याने खिंडीचा हट्ट सोडून खालच्याच दोन गावांत राहून परत यावे. खिंड पुढल्या वर्षीही तेथेच असेल. घाईने गेलेला मनुष्य आणि पाहुण्यांना विटलेले गाव यांच्याविषयी मात्र तशी खात्री देता येत नाही.