गटातल्या पाचजणी

2020 च्या जूनमध्ये मी बालवाडीताईंसाठी पहिला ऑनलाइन वर्ग घेतला, तेव्हा तयारी चोख होती. बारा व्हिडिओ, प्रत्येकाखाली दहा प्रश्न, शेवटी प्रमाणपत्र. चाळीसजणी आल्या. तिसऱ्या आठवड्यात नऊ उरल्या, त्यातल्याही दोघींचे कॅमेरे बंद. मी नेटवर्कच्या नावानं खडे फोडले. पण खरी गोम मांडणीतच होती. एखादी गळाली तरी तिची चौकशी करणार कोण? ती वर्गात होती हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

यात मी एकटी नाही, एवढंच समाधान. 2011 साली स्टॅनफर्डच्या सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सगळ्यांसाठी फुकट खुला केला. नावं नोंदवली सुमारे 1 लाख 60 हजार जणांनी, शेवटाला पोचले वीस हजारांहून थोडे अधिक. तेही थोडे नव्हेत म्हणा. पण बाकीचे कुठे गेले?

दुरून शिकवतानाही माणसाची सोबत ठेवता येते. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठानं 1971 मध्ये टपाल आणि टीव्हीवरून शिकवायला सुरुवात केली, तेव्हाही विद्यार्थ्याचा स्वाध्याय तपासून सविस्तर शेरे लिहिणारा ट्यूटर होता, उन्हाळ्यात आठवडाभराचं शिबिर होतं. आपल्या आयआयटी मुंबईनं प्राध्यापकांना दुरून प्रशिक्षण दिलं, ते त्यांना जवळच्या कॉलेजात एकत्र बसवून. व्याख्यान मुंबईचं, पण शंका शेजारच्या बाकावर. कॅनडातल्या गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी 2000 साली हेच तीन गोष्टींत मांडलं: विषयाशी झटापट, शिकवणाऱ्याची चाहूल आणि एकमेकांची माणूस म्हणून ओळख. माझ्या वर्गात तिसरीचा पत्ताच नव्हता.

पुढच्या वेळी मी पाच-पाचजणींचे गट केले. प्रत्यक्ष भेट एरवी समारोपाला असते, हारतुऱ्यांसाठी. ती पहिल्याच शनिवारी साताऱ्यात ठेवली. सोबत जेवलेली बाई पुढे फोनवरही मोकळी बोलते. पहिलं काम अगदी सोपं: आपल्या गावातलं एक बडबडगीत व्हॉट्सॲपवर म्हणून पाठवा. रात्री आठला आवाज येऊ लागले. मागे तव्याचा चर्र आवाज, कुणाची म्हैस. एकच गाणं तीन गावांत तीन तऱ्हेनं म्हणतात, यावर त्यांची जी जुंपली, ती मला आवरेना.

व्हिडिओ सहा मिनिटांवर आणले, ते आधी बघून यायचे. वर्गाचा वेळ फक्त गटाच्या कामाला. आणि एक नियम: ताईचं काम आधी गटातल्या दुसरीनं पाहायचं, मग मी.

माण तालुक्यातल्या एका ताईनं मोजणीच्या खेळाचा फोटो टाकला. पत्रावळीवर चिंचोक्यांच्या ओळी, एकपासून पाचपर्यंत. सुरेख. मी शाबासकी टाइप करणार, तोच गटातल्या एकीनं विचारलं, "ताई, तीन वर्षांच्या पोरानं नाकात घातला तर?" संध्याकाळी दुसरा फोटो आला: पत्रावळ तीच, वर मक्याची बुरकुंडं. माझ्या बारा व्हिडिओंत हे नव्हतं. खरं तर चिंचोके मीच सुचवले होते.

मला सर्वांत जड गेलं ते गप्प बसणं. प्रश्न पडला की लगेच उत्तर देण्याची खोड; मी बोलले की त्या आपसात बोलायच्या थांबत. मग ठरवलं, रात्री दहापर्यंत तोंड उघडायचं नाही. दहाला बघावं, तर बहुतेक गाठी त्यांनीच सोडवलेल्या असत. उरलेल्या दोन-तीनच माझ्या वाट्याला.

एक ताई दोन दिवस दिसली नाही. मी विचारपूस करायला गटात डोकावले, तर तिचा फोन पाण्यात पडल्याचं सगळ्यांना माहीत होतं. शेजारच्या गावातली एसटीनं जाऊन तिला कामाचा कागद देऊनही आली होती.

अभ्यासक्रम संपल्यावर मी गट बंद करायला घेतले. त्यातल्या एका गटातल्या पाचजणींनी आधीच आपला वेगळा गट काढला होता. त्यात मला घेतलेलं नाही.