वेळेवरचे पीककर्ज आणि आपला बाजार

वर्धा जिल्ह्यात व्यापाऱ्याचे वर्ष कापूस आणि सोयाबीनवर चालते. हिंगणघाट, आर्वी, पुलगावच्या बाजारात शेतकरी पैसा घेऊन आला, तर दुकानदार, शिंपी, लोहार सर्वांचे हात चालतात. म्हणून शेतकऱ्याला बँकेचे कर्ज केव्हा मिळते, हा प्रश्न आपलाही आहे.

येथील बहुतेक शेती कोरडवाहू. मृगाचा पाऊस झाला की पेरणीला मोजकेच दिवस मिळतात. तेव्हा हाती पैसा नसेल तर पेरणी लांबते, खत कमी पडते, निंदण मागे राहते. जमीन तीच, मेहनत तीच, पण उतारा घटतो. पेरणीनंतर मिळालेले कर्ज कागदावर पूर्ण असले तरी शेताला अर्धेच उपयोगी पडते.

गावोगावच्या सोसायट्यांमार्फत पीककर्ज देणारी वर्धा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक २००२ च्या सरकारी रोखे घोटाळ्यात अडकली. २०१२ साली परवान्याअभावी रिझर्व्ह बँकेने तिला नव्या ठेवी घेण्यास मनाई केली. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्राने देशातील अशा २३ जिल्हा बँकांच्या पुनरुज्जीवनाला मंजुरी दिली. त्यांत वर्धा, नागपूर आणि बुलढाणा या बँका होत्या. सोसायटीचे दार बंद झाले की लहान शेतकऱ्याला उधारी किंवा सावकार एवढेच उरते.

हिशेब करून पाहा. २० हजारांचे बियाणे-खत शेकडा ३ रुपये महिन्याने घेतले, तर सात महिन्यांचे व्याज ४,२०० रुपये होते. बँकेच्या ७ टक्के वार्षिक दराने ते सुमारे ८१७ रुपयेच. शिवाय उधारीवाल्याला कापूस निघताच पडेल त्या भावात विकावा लागतो. उधारी देणाऱ्याचेही भांडवल अडकते आणि पीक बुडाले तर तेही बुडते.

३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास केंद्राच्या सवलतीमुळे व्याज ४ टक्केच पडते. तेव्हा कृषी केंद्र चालविणाऱ्या बांधवांनी गिऱ्हाइकाला उधारीचे खाते उघडून देण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा: "भाऊ, सातबारा घेऊन बँकेत गेला होता का?" हे विचारण्याची वेळ एप्रिल-मे महिन्यांत असते, जूनमध्ये नव्हे. शेतकऱ्याचे पीक साधले, तरच आपली दिवाळी साधते.