नृत्यशिक्षणाची वाट (लेखांक ४) : गुरूचा हात आणि पायाखालची फरशी

मुलास नृत्यवर्गात कोणत्या वयात घालावे आणि परीक्षांच्या पायऱ्या किती घाईने चढाव्या, याचा ऊहापोह आपण गेल्या आठवड्यात केला. वर्गाचे दार मुलाच्या पाठीमागे लागले म्हणजे आत काय घडते, हा आजचा विषय. आणि तो उघडपणे बोलण्याचा संकोच पालक व गुरू या दोघांनाही सारखाच वाटत असल्यामुळे तो किंचित विस्ताराने मांडणे भाग आहे.

ही विद्या पूर्वी घरात राहत असे. कथकाच्या लखनौ घराण्यात बिंदादीन महाराजांपासून अच्छन, लच्छू आणि शंभू महाराजांपर्यंत, व पुढे बिरजू महाराजांपर्यंत, ती चुलत्याकडून पुतण्याकडे आणि बापाकडून लेकाकडे उतरत आली. बाहेरचा शिष्य आला तरी तो गुरूच्या घरातलाच एक होऊन राही, आणि त्या घरात बायामाणसे असत, थोरले गुरुबंधू असत, येणारेजाणारे असत. तिथे सर्व काही मंगलच चालत होते असे मानण्याचे मुळीच कारण नाही. ज्या भिंती रक्षण करतात त्याच झाकणही घालतात. पण गुरूच्या सत्तेभोवती निदान चार डोळ्यांचा पहारा होता. पुढे मुंबई इलाख्यात 1934 साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी 1936 मध्ये मद्रासेत कलाक्षेत्राचा पाया घातला, 1947 मध्ये रोहिणीताई भाटे यांनी पुण्यात नृत्यभारती सुरू केली, आणि पांढरपेशा घरांतील मुलींच्या पायांत घुंगरू बांधले जाऊ लागले. त्या काळी आईबापांना जी चिंता लागे ती अब्रूची होती, लोक काय म्हणतील याची होती. ती चिंता कालांतराने मिटली. परंतु ती मिटली म्हणजे मुलाच्या सुरक्षिततेचाही निकाल लागला, असा जो समज आपण करून घेतला, तो मात्र निराधार होता.

आजचा वर्ग भाड्याच्या सभागृहात, सोसायटीच्या तळमजल्यावर किंवा शाळा सुटल्यावर तिच्याच एखाद्या खोलीत, आठवड्यातून दोन संध्याकाळ भरतो. गुरूला वाकून नमस्कार करण्याचा शिरस्ता तोच राहिला, उलट न बोलण्याची शिस्त तीच राहिली, मात्र सभोवारचे घर नाहीसे झाले. सत्ता उरली आणि पहारा उठला, हे या मामल्याचे मर्म आहे. आणि जे काम पूर्वी घरातील माणसांच्या वावराने होत असे, ते आता लेखी नियमांनी, हजेरीपटाने आणि उघड्या दाराने करावे लागेल. यात गुरूवर अविश्वास दाखविण्याचा हेतू नाही. खजिन्याचा हिशेब तपासला जातो म्हणून प्रामाणिक खजिनदार कधी रागावत नाही.

प्रथम हाताचा प्रश्न घेऊ. नृत्य हे शरीराने शिकावयाचे असल्यामुळे गुरूचा हात शिष्याच्या शरीरास लागणारच. भरतनाट्यम् मध्ये अर्धमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धवट, बसलेल्या मुलीची पाठ सरळ करावी लागते, कथकात खांद्यापासून मनगटापर्यंतची रेषा धरून दाखवावी लागते. परंतु ज्या गोष्टी स्वतः करून दाखविता येतात, आरशात पाहून कळतात अथवा शब्दांनी सांगता येतात, त्यांसाठी हात लावण्याचे प्रयोजन नाही; आणि जिथे खरोखरच लावावा लागतो तिथे आधी सांगून, सर्वांच्या देखत, हात, खांदा, पाठ वा पाऊल एवढ्याच ठिकाणी लावावा, आणि मुलाने अंग आखडून घेतले तर ती त्याची नामंजुरी समजून थांबावे. कमरेची वा मांडीची ठेवण थोरल्या विद्यार्थिनीस समोर उभी करून समजाविता येते. भरतनाट्यम् च्या वर्गात ताल धरण्याची जी लाकडी दांडी असते, तिची जागा लाकडी ठोकळ्यावर आहे, पोटऱ्यांवर नाही, हेही याच ओघात सांगून टाकतो. छडीवाचून विद्या येत नाही असे म्हणणारे गुरू अद्यापि आढळतात, आणि त्यांचे समर्थन करणारे पालक त्याहून अधिक आढळतात.

कायद्याची बाजू पालकांस माहीत असावी. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा 2012 चा कायदा, ज्यास सर्वत्र ‘पॉक्सो’ म्हणतात, अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीस लागू आहे, आणि त्यात मुलगेही येतात, ही गोष्ट सुशिक्षितांच्याही ध्यानात नसते. स्पर्श कपड्यांवरून झाला की त्वचेला त्वचा लागली, या तपशिलावर गुन्हा अवलंबून नसून लैंगिक इराद्यावर अवलंबून आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2021 मध्ये दिला. असा अपराध घडल्याचे ज्यास कळले त्याने पोलिसांत वर्दी देणे बंधनकारक आहे. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील इसमाचा अपराध दडविल्यास एक वर्षापर्यंत. सद्हेतूने वर्दी देणाऱ्यावर मात्र कोणतीही जबाबदारी येत नाही. तेव्हा ‘वर्गाची बदनामी होईल, आपापसांत मिटवू’ हा सल्ला देणारा विश्वस्त स्वतःच कायद्याच्या कचाट्यात सापडतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्यास सोयीच्या जागी, शक्यतो फौजदार दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना नोंदवावा अशी तजवीज त्याच कायद्यात आहे. पोलीस ठाण्याच्या भयाने पालक गप्प बसतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. 1098 हा दूरध्वनी बालकांसाठी अहोरात्र चालू असतो; तो क्रमांक वर्गाच्या भिंतीवर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर, लावलेला असावा.

मोबाइलचा बंदोबस्तही आवश्यक आहे. गुरूचे निरोप पालकांच्या गटावर जावेत, मुलाच्या एकट्याच्या फोनवर रात्री जाऊ नयेत. आणि सरावाच्या चित्रफिती पालकांच्या लेखी परवानगीवाचून जाहीर होऊ नयेत.

आता पायाखालच्या फरशीकडे वळू; कारण हिने होणारी इजा गाजावाजा न करता होते, आणि म्हणून कोणी तिची दखल घेत नाही. काँक्रीटवर बसविलेली लादी मुळीच दबत नाही. तिच्यावर अनवाणी पायाने मारलेली प्रत्येक थाप नडगीत परत येते. वाशांवर फळ्या ठोकून खाली पोकळी ठेवलेली लाकडी जमीन हा आघात पुष्कळसा शोषून घेते, परंतु भाड्याच्या सभागृहात ती कोठून आणावी? तिथे उपाय वेळेचा आहे. तत्काराचा, म्हणजे कथकातील पदाघातांचा, निम्मा सराव बसून, हाताने ताल देत, तोंडाने बोल म्हणत करता येतो. पढंत ही कथकाची परंपराच असल्यामुळे त्यात काही उणे होत नाही, उलट लय पक्की होते. मुली साधारणतः दहा ते तेरा या वयात, आणि मुलगे त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी, झपाट्याने उंच होतात. त्या काळात हाडे आधी लांबतात व स्नायू मागे राहून ताणले जातात, आणि गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या उंचवट्याशी, जे दुखणे उद्भवते ते आळसाचे सोंग नसते. अर्धमंडीत पावले बाहेर वळली आणि गुडघे मात्र समोर पाहत राहिले, म्हणजे पीळ गुडघ्यावर पडतो; वळण खुब्यातून आले पाहिजे, आणि ज्याचा खुबा जेवढा वळतो तेवढीच त्याची अर्धमंडी. एकेका पायात शंभर-दीडशे घुंगरू बांधण्याची घाई लहान मुलांस नसावी. रात्रीची कळ सकाळीही राहिली तर त्या दिवशी पायांस विश्रांती द्यावी, आणि पाळीच्या दिवसांत मुलीस कारण न विचारता बसून पाहण्याची मुभा असावी. जो वर्ग ‘दुखते’ हा शब्द ऐकून घेतो त्याच वर्गात ‘मला हे आवडत नाही’ असे म्हणण्याचे धैर्यही मुलास होते. या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

यातूनच वर्गात कोणास सामावून घ्यावयाचे हा प्रश्न येतो. स्थूल मुलीस कायम मागच्या रांगेत उभे करणे हा जणू अलिखित हुकूमच असतो. माझ्या मते रांगा दर आठवड्याला फिरविणे एवढे साधे काम जो गुरू करीत नाही त्याच्याकडे कितीही अलंकार-विशारद तयार होवोत, मूल पाठवू नये. मुलग्यांची हेटाळणी तर विनोदीच म्हटली पाहिजे. ज्या कलेच्या थोर गुरूंची परंपरा पुरुषांनी भरलेली आहे, त्याच कलेच्या वर्गात एकट्या मुलग्यास ‘बायकी’ म्हणून हसावे, हे अज्ञान आहे. पोशाखाचा खर्च ज्यास झेपत नाही त्यास वर्गाने पोशाख वापरावयास द्यावा, आणि ते देणे इतरांस कळू नये.

अपंग मुलांबाबत आपली कल्पनाशक्ती अजून तोकडी आहे. सुधा चंद्रन यांनी 1981 च्या अपघातात पाय गमावल्यावर जयपूर फूट लावून पुन्हा भरतनाट्यम् सादर केले, ही हकीकत सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिचा उपयोग आपण बहुधा इतर मुलांस लाजविण्यासाठी करतो, दार रुंद करण्यासाठी नव्हे. गुरू सय्यद सल्लाउद्दीन पाशा यांनी चाकांच्या खुर्चीवर बसलेल्या नर्तकांसह शास्त्रीय नृत्याचे प्रयोग उभे केले. तिथे गती चाकांची आणि अभिनय हातांचा व चेहऱ्याचा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि सांस्कृतिक जीवनातील सहभागाचा स्वतंत्र उल्लेख केला, तथापि तिसऱ्या मजल्यावरील जिना कायद्याने सपाट होत नाही. तळमजल्याची खोली मात्र आठवड्यातून एक दिवस मागून घेता येते. कर्णबधिर मुलास तबल्याजवळ बसवावे, गुरूने त्याच्याकडे तोंड करून बोल म्हणावेत आणि सम, खाली हाताने ठळक दाखवाव्यात. लाकडी जमीन असेल तर ध्वनिमुद्रणाचा स्पीकर टेबलावरून उतरवून खाली जमिनीवर ठेवावा, म्हणजे ठेक्याचा कंप त्याच्या तळपायास लागतो, आणि त्याने समेवर पाय टाकण्यास किती आवर्तने घेतली हे वर्गाने मोजू नये.

(क्रमशः)