रुग्णशय्येजवळचे गुरुशिष्य

मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने औषधनिर्माणशास्त्राविषयी लिहावे, हे कित्येकांना विचित्र वाटेल. परंतु माझा विषय औषधे हा नसून, औषधांचा योग्य वापर रुग्णालयात जे शिकतात आणि जे शिकवितात त्यांच्या परस्पर अपेक्षा, हा आहे. शाळेचे काही माजी विद्यार्थी आज या दोन्ही भूमिकांत आहेत, म्हणून त्याचा विचार येथे करावासा वाटतो.

भारतीय औषधनिर्माण परिषदेने २००८ साली ‘फार्म. डी.’ या सहा वर्षांच्या अभ्यासक्रमाचे नियम केले. पाच वर्षे अध्ययन आणि सहावे वर्ष रुग्णालयात उमेदवारी, अशी त्याची रचना आहे. उमेदवारीचे सहा महिने सामान्य वैद्यक विभागात आणि प्रत्येकी दोन महिने अन्य तीन विभागांत काढावयाचे असतात. पाचव्या वर्षीही विद्यार्थी रोज सकाळी वॉर्डातील फेरीस हजर राहतो. या कामास विद्यार्थी ‘पोस्टिंग’ म्हणतात, आणि देखरेख करणाऱ्या अनुभवी तज्ज्ञास ‘प्रिसेप्टर’. केवळ ज्ञान नव्हे, तर आचारही शिकवितो तो आचार्य, हा आपला जुना अर्थ या शब्दाला अगदी जवळचा आहे.

विद्यार्थ्याने वॉर्डात करावयाचे काय? रुग्णाचे केसपेपर वाचावेत, तो घरी कोणती औषधे घेतो हे विचारावे, मूत्रपिंड व यकृत यांची स्थिती पाहून मात्रा योग्य आहे का ते ताडावे, दोन औषधे परस्परांस बाधक नाहीत ना हे पाहावे आणि शंका आल्यास ती मार्गदर्शकापुढे मांडावी. ती तपासून डॉक्टरांपर्यंत नेणे हे मार्गदर्शकाचे काम.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याने आचार्याची आणि आचार्याने शिष्याची, अशी दुहेरी परीक्षा सांगितली आहे. मला ती येथेही लागू वाटते. विद्यार्थी वेळेवर यावा, आदल्या दिवशीचे रुग्ण अभ्यासून यावा, रुग्णाच्या घरच्या गोष्टी त्याने बाहेर बोलू नयेत, आणि जे ठाऊक नाही त्याविषयी ‘पाहून सांगतो’ असे निःसंकोच म्हणावे, ही मार्गदर्शकाची रास्त अपेक्षा. उलटपक्षी, काय शिकावयाचे आहे हे पहिल्याच दिवशी स्पष्ट व्हावे, प्रश्न विचारल्याबद्दल चारचौघांत पाणउतारा होऊ नये, आणि उणिवा अखेरच्या दिवशी नव्हे तर मध्यावरच, सुधारण्यास अवधी असताना कळाव्यात, ही विद्यार्थ्याची तितकीच रास्त अपेक्षा. न पाहिलेल्या कामावर मार्गदर्शकाने सही केली, तर प्रमाणपत्र मिळते. शिक्षण होत नाही.

या अपेक्षा पुऱ्या न झाल्यास किंमत मोजतो तो रुग्ण. संधिवातावरील ‘मेथोट्रेक्सेट’ हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतले गेले, तर अस्थिमज्जेवर परिणाम होऊन जीवही जाऊ शकतो. ‘आठवड्यातून एकदा’ हे केवळ लिहून भागत नाही. वार ठरवून द्यावा, तो पाकिटावर लिहावा आणि ‘आजी, ही गोळी कोणत्या वारी घ्याल?’ असे विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून ऐकावे. आपल्या सीमाभागात हे बोलणे एका खाटेशी मराठीत, तर शेजारच्या खाटेशी कन्नडमध्ये करावे लागते. ‘उपाशीपोटी’, ‘जिभेखाली’, ‘चावू नका’ हे शब्द रुग्णाच्या भाषेत नेमके उच्चारता येणे हा औषधोपचाराचाच भाग होय. हे पुस्तकातून येत नाही. मार्गदर्शक रुग्णाशी कसा बोलतो हे पाहून, आणि मग त्याच्यादेखत स्वतः बोलून येते.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच, की मार्गदर्शकाजवळ उभे राहाल तेव्हा त्याच्या वहीपेक्षा रुग्णाकडे पाहा. आणि मार्गदर्शकांना विनंती, की दिवसातून एका रुग्णाशी तरी विद्यार्थ्याला बोलू द्या, आणि ते बोलणे शेवटपर्यंत ऐका.