मात्सुमोतो सेइचो : वकिलाची फी आणि न्याय

सुट्टीत वाचनालयातून बाबूराव अर्नाळकर आणायचे आणि एका बैठकीत फडशा पाडायचा, ही सवय आपल्यापैकी अनेकांना होती. पुढे कॉलेजात पेरी मेसन भेटला. भर कोर्टात तो खरा गुन्हेगार उघडा पाडायचा आणि अशील सुटायचा. टोकियोत आल्यावर आम्ही शेजाऱ्यांना विचारलं, इथला पेरी मेसन कोण? उत्तर मिळालं, मात्सुमोतो सेइचो. इंग्रजी भाषांतरं मिळवून वाचली, तेव्हा कळलं की हे पाणी वेगळंच आहे.

सेइचो (१९०९–१९९२) क्यूशूमधल्या कोकुरा इथे गरिबीत वाढले. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतंच. कंपनीत पोऱ्या म्हणून, मग छापखान्यात काम केलं. पुढे 'आसाही' वृत्तपत्राच्या तिथल्या कार्यालयात ते जाहिरातींची मांडणी करीत. लेखणी हाती धरली ती चाळिशीच्या सुमारास! १९५३ मध्ये त्यांना अकुतागावा पारितोषिक मिळालं आणि त्याच वर्षी ते टोकियोला आले. १९५८ च्या 'तेन तो सेन' या कादंबरीने त्यांचं नाव घरोघरी पोचवलं. टोकियो स्टेशनावर १३ नंबरच्या फलाटावरून १५ नंबरवरची गाडी दिवसात फक्त चार मिनिटं दिसते, एवढ्याशा गोष्टीवर सारं रहस्य उभं आहे. रोज त्या स्टेशनातून धावपळ करणाऱ्या आपल्या मंडळींनी ती वाचायलाच हवी.

पण आम्हाला चटका लावून गेली ती १९६१ ची 'किरी नो हाता', म्हणजे 'धुक्यातला झेंडा'. किरिको नावाची तरुण मुलगी क्यूशूहून आगगाडीने टोकियोला येते. तिचा भाऊ शाळामास्तर. मुलांच्या सहलीचे पैसे त्याच्या हातून हरवले, ते भरून काढायला त्याने एका म्हातारीकडून कर्ज घेतलं, आणि त्या म्हातारीचाच खून झाला. आळ भावावर. किरिको नामांकित वकिलाच्या पाया पडते, पण फी परवडणारी नसते. वकील नकार देतो. भाऊ तुरुंगात मरतो. पुढे वकीलसाहेब कागदपत्रं मागवून वाचतात आणि त्यांच्या ध्यानात येतं, की खुनी डावखुरा होता! मग किरिको काय करते ते आम्ही सांगत नाही. २०१२ मध्ये 'प्रो बोनो' या नावाने इंग्रजी भाषांतर आलं आहे.

सेइचो खऱ्या खटल्यांकडेही वळले. १९४८ च्या जानेवारीत टोकियोत, इकेबुकुरोजवळच्या शिइनामाचीला, आरोग्य खात्याचा माणूस असल्याची बतावणी करून एकाने बँकेत १६ जणांना औषध म्हणून विष पाजलं. १२ जण दगावले. हिरासावा सादामिची या चित्रकाराला फाशीची शिक्षा झाली, तिचा मुख्य आधार त्याचा कबुलीजबाब, जो त्याने नंतर नाकारला. सेइचोंनी या निकालाबद्दल शंका घेऊन पुस्तक लिहिलं. फाशी कधीच अमलात आली नाही. हिरासावा १९८७ मध्ये कैदेतच वारला, ९५ वर्षांचा होऊन.

पेरी मेसनला अशील मिळतोच. सेइचो मात्र विचारतात, वकिलाच्या दारापर्यंतच जो पोचू शकत नाही त्याचं काय? हा प्रश्न आपल्याला जवळचा वाटतो. किरिको निदान जपानी तरी बोलत होती! आपल्यापैकी कुणावर उद्या घरमालकाशी भांडण किंवा अपघाताचं बालंट आलं, तर पहिली अडचण भाषेचीच. कुठे जायचं हे ठाऊक असणारे थोडेच.

म्हणून एक उपयोगी नाव जाताजाता सांगतो : 'होतेरासु'. २००६ साली सुरू झालेली ही सरकारी आधाराची कायदेविषयक मदतसंस्था. तिथे इंग्रजीसह अनेक भाषांत माहिती मिळते, आणि ऐपत नसलेल्यांना अटींनुसार वकिलाच्या फीसाठी आगाऊ मदतही. नाव फोनजवळ लिहून ठेवा. गरज न पडो, पण किरिकोकडे तेही नव्हतं.