फॉरमॅट मारण्याआधी

डोंबिवलीत कुणाचा लॅपटॉप बिघडला की सोसायटीत एक तरी जाणकार निघतोच, आणि त्याचा सल्लाही ठरलेला: ‘फॉरमॅट मार, सगळं ठीक होईल.’ मी पूर्वेला कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान चालवते. बरीच मशिनं असा एखादा फॉरमॅट खाऊनच माझ्या टेबलावर येतात. या सल्ल्याचा मला राग आहे, आणि सगळ्यात जास्त राग येतो तो एका विशिष्ट दुखण्याच्या वेळी. वायफाय जोडलं की अख्खं मशिनच कोसळतं, ते दुखणं.

हे लोकांना पटकन पटत नाही. नेट येत नाही, अडखळतं, हे ठीक. पण वायफायमुळे कॉम्प्युटरच बंद पडायचं काय कारण? कारण असं की ब्राउझर, एक्सेल, टॅली हे प्रोग्राम मर्यादित अधिकारात चालतात. एक्सेल अडकलं तर ते तेवढं बंद करायचं, बाकीचं काम चालू राहतं. वायफायचं कार्ड चालवणारा ड्रायव्हर मात्र सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये बसलेला असतो. तिथे त्याला अडवणारं फारसं कुणी नाही. त्याने नको त्या मेमरीत हात घातला तर पुढे काय काय बिघडेल याचा नेम नाही. डिस्कवरच्या फायलींतही कचरा लिहिला जाऊ शकतो. म्हणून लोकलमध्ये साखळी ओढावी तसं विंडोज स्वतःच सगळं थांबवतं. निळी स्क्रीन म्हणजे ती ओढलेली साखळी. अलीकडच्या विंडोज 11मध्ये ती काळी झाली आहे, अर्थ तोच.

गाभ्यातली एक चूक काय करू शकते हे 19 जुलै 2024ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे 85 लाख विंडोज मशिनं कोसळली आणि आपल्याकडच्या काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्यात वायफायचा संबंध नव्हता. पण तो प्रोग्रामही कर्नेलमध्येच बसणारा होता.

आता टिळकनगरातल्या एका ताईंची गोष्ट. नोकरी बीकेसीत, लॅपटॉप ऑफिसचा. दिवसभर उत्तम चालणारा, घरी उघडला की पाच-दहा मिनिटांत निळा. ऑफिसातल्या आयटीवाल्याने दोनदा तपासला, त्याच्याकडे एकदाही बंद पडला नाही. त्याचा निष्कर्ष: ‘मॅडम, तुमच्याकडची लाइट चेक करा.’ बाई बिचाऱ्या स्टॅबिलायझर घेऊन आल्या.

मी विचारलं, ‘ऑफिसात नेट कशावर चालतं?’

‘वायफायच असेल की. टेबलावर ती एक पट्टी आहे, तिला लॅपटॉप लावला की मॉनिटर, माउस, सगळं सुरू होतं.’

म्हणजे डॉक. आणि त्या डॉकला मागून लॅनची केबल. आयटीवाल्यानेही तशाच डॉकवर तपासलेला. लॅपटॉपचं वायफाय ऑफिसात कधी कामालाच लागत नव्हतं. संध्याकाळी त्या झाकण मिटायच्या, लोकलने घरी यायच्या आणि झाकण उघडायच्या. झोपेतून उठल्या उठल्या कार्ड घरचं नेटवर्क शोधायला लागायचं, आणि तिथेच गाडी अडायची.

बाईंनी एक फार शहाणपणाचं काम केलं होतं. प्रत्येक वेळी निळ्या स्क्रीनचा फोनवर फोटो काढून ठेवला होता. लोक त्या स्क्रीनवरचा क्यूआर कोड स्कॅन करतात; तो बहुधा सर्वसाधारण मदतीच्या पानावर नेऊन सोडतो. कामाच्या असतात त्या खालच्या दोन बारीक ओळी. एका ओळीत स्टॉप कोड. इथे तो होता ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. नाव ऐकून घाबरू नये. ड्रायव्हरने नको त्या वेळी नको त्या मेमरीला हात लावला, एवढाच त्याचा मथितार्थ. दुसरी ओळ ‘व्हॉट फेल्ड’, तिच्यापुढे ‘डॉट सिस’ने संपणारं फायलीचं नाव. हे नाव गुगलवर टाकलं की ती फाइल कोणाची ते कळतं. मी फोटो एकामागून एक सरकवत गेले. सगळ्यांत तेच नाव, वायफाय कार्डाच्या ड्रायव्हरचं. वेळ रात्री आठ-साडेआठच्या आसपासची, वार कामाचे.

दरवेळी वेगवेगळी नावं आली असती तर मी ड्रायव्हर सोडून आधी रॅमवर संशय घेतला असता. खराब रॅम कुणालाही तोंडघशी पाडते.

फोटो नसले तरी स्वतःच्या मशिनवर पुरावा बहुधा सापडतो. सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या फोल्डरात मिनीडम्प नावाचं फोल्डर असतं, त्यात प्रत्येक कोसळण्याची तारखेनिशी फाइल. ती वाचून दाखवणारे फुकट प्रोग्राम मिळतात. फॉरमॅट मारला की हा पंचनामा पहिला पुसला जातो, आणि विंडोज पुन्हा टाकल्यावर तोच वाईट ड्रायव्हर अपडेटबरोबर गुपचूप परत येऊ शकतो. माझा राग आहे तो याच्यावर.

मग तपासणी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे यातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. एअरप्लेन मोड लावून झाकण मिटलं-उघडलं: शांत. राउटरला केबलने जोडलं: शांत. माझ्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडलं: निळं. म्हणजे त्यांचा राउटर सुटला, महावितरणही सुटलं. ऑफिसचा लॅपटॉप, ॲडमिनचा पासवर्ड त्यांच्याकडे नाही, म्हणून मी पुढे हात लावला नाही. कागदावर चार ओळी लिहून दिल्या: डॉक काढून, वायफायवर, झोपेतून उठवून बघा. त्या आयटीवाल्याच्या टेबलावरही तो निळा झाला. त्याने लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर घालून दिला, तेव्हापासून ठीक आहे. स्टॅबिलायझर आता फ्रिजला.

दोष नेहमी कार्डाच्याच ड्रायव्हरचा असतो असंही नाही. फेब्रुवारी 2021मध्ये विंडोज 10च्या 1909 आवृत्तीला आलेल्या अपडेटनंतर डब्ल्यूपीए 3 सुरक्षा असलेल्या वायफायला जोडताना काही मशिनं निळी पडू लागली. मायक्रोसॉफ्टने 11 फेब्रुवारीला घाईने वेगळी दुरुस्ती काढली. ज्यांचा राउटर जुना, त्यांना पत्ताही लागला नाही. म्हणून ‘माझ्याकडे चालतंय की’ या शेजाऱ्याच्या वाक्याला मी फार किंमत देत नाही.

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये मोठ्या घरांतून दोन-तीन ठिकाणी मेश राउटर असतात. हॉलमधून बेडरूममध्ये गेलं की लॅपटॉप एक राउटर सोडून दुसरा धरतो, आणि कच्चा ड्रायव्हर नेमका त्या हस्तांतरात पडतो. आमच्या जुन्या डोंबिवलीत वेगळंच. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे 2005मध्ये परवानामुक्त झाला, आणि त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच: 1, 6 आणि 11. एका मजल्यावर चार बिऱ्हाडं, प्रत्येकाचा राउटर. गर्दीने कनेक्शन तुटतं, पुन्हा जुळतं. चांगल्या ड्रायव्हरला त्याचं काही वाटत नाही. वाईटाला पडायची संधी वारंवार मिळते.

कल्याणला रामबागेत एका क्लासच्या जुन्या डेस्कटॉपची तक्रार अशीच वाटली, पण ती या जातीची नव्हतीच. वायफायचं डोंगल लावून व्हिडिओ सुरू केला की निळं-काळं काही न येता थेट रीस्टार्ट. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नेल-पॉवर 41’ची नोंद, बगचेक कोड, म्हणजे स्टॉप कोडच, शून्य. साखळी ओढायलाही वेळ मिळाला नाही, वीजच खचली. वीज पुरवणारा म्हातारा एसएमपीएस बदलला, डोंगल तेच राहिलं.

आणि ड्रायव्हर बदलून, कार्डाचं पॉवर सेव्हिंग बंद करून झालं तरी निळं येतच असेल, तर कार्ड गेलं म्हणावं. जुन्या लॅपटॉपमध्ये ते एक-दोन स्क्रूंवर बसतं. पण काहींचा बायोस कंपनीने मान्य केलेली कार्डंच घेतो, तेव्हा आधी चौकशी करावी. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये कार्ड बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं. तिथे यूएसबी डोंगल लावायचं आणि आतलं कार्ड शक्यतो बायोसमधून बंद करायचं. नुसतं डिव्हाइस मॅनेजरमधून बंद केलं तर एखाद्या मोठ्या अपडेटनंतर ते पुन्हा चालू झालेलं असू शकतं.